आईच्या डोळ्यातले इंजेक्शन बदलावे का?

बार्शीहून एक शिक्षक लिहितात: "माझी आई 63 वर्षांची असून तिला 18 वर्षांपासून मधुमेह आहे. जानेवारीत तिच्या उजव्या डोळ्याची नजर 6/24 भरली (निरोगी डोळा 24 मीटरवरून वाचतो ते तिला 6 मीटरवरून दिसते) आणि ओसीटी, म्हणजे प्रकाशाने पडद्याचे छेदचित्र काढण्याच्या तपासणीत पडद्याच्या मध्यभागाची जाडी 478 मायक्रॉन आली, म्हणजे तेथे सूज होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी ती उतरवण्यासाठी बेव्हॅसिझुमॅब या औषधाची तीन इंजेक्शने दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या इंजेक्शनमध्ये घरातील लग्नामुळे नऊ आठवडे गेले. तिसऱ्या इंजेक्शननंतर चार आठवड्यांनी जाडी 391 आणि नजर 6/18 झाली. मनाचे समाधान न झाल्याने दहा दिवसांनी पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले, तर तेथे जाडी 412 आली, म्हणजे सूज पुन्हा वाढू लागली असे आम्ही समजलो. त्यांनी अफ्लिबरसेप्ट सुचवले आहे, पण त्याची किंमत कैक पटींनी जास्त आहे. डाव्या डोळ्याने आईला 6/6 दिसते, मात्र त्याची जाडी 318 आहे, म्हणून त्यातही इंजेक्शन घ्यावे का? आणि आम्हाला स्वस्त औषध देऊन फसवले गेले का? आईचे चार महिने वाया गेले, या विचाराने झोप लागत नाही."

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि सोबत पाठवलेल्या तपासण्यांच्या प्रती मी शांतपणे पाहिल्या. फसवणुकीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो काटा मनात रुतलेला असेपर्यंत पुढचे काही नीट ऐकू येणार नाही. तुमची फसवणूक झालेली नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी जे औषध वापरले त्याला भक्कम आधार आहे, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी जो सल्ला दिला त्यालाही तितकाच आधार आहे. दोन प्रामाणिक डॉक्टर एकाच डोळ्याबद्दल दोन वेगळी मते देऊ शकतात, आणि इथे तसेच घडले आहे. मी आईंना स्वतः तपासलेले नाही, त्यामुळे माझे म्हणणे हा त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावा असा सल्ला समजावा.

आता ज्या आकड्यांनी तुमची झोप उडवली आहे त्यांच्याकडे वळू. तुम्ही 391 आणि 412 शेजारीशेजारी ठेवून सूज वाढली असा निष्कर्ष काढला. पण प्रतींवरून दिसते की सोलापूरची तपासणी सिरस नावाच्या यंत्रावर झाली आणि पुण्याची स्पेक्ट्रॅलिस या यंत्रावर. दोन्ही यंत्रे उत्तम आहेत, मात्र ती पडद्याची जाडी एकाच ठिकाणापासून एकाच ठिकाणापर्यंत मोजत नाहीत. पडद्याची आतली कड दोघांची एकच असते, पण खालची सीमा एक यंत्र रंगद्रव्य असलेल्या पेशींच्या थराशी धरते, तर दुसरे त्याच्याही खालच्या ब्रूक पटलाशी. त्यामुळे तोच डोळा त्याच दिवशी दोन्हींवर ठेवला तरी आकडे जुळणार नाहीत. मोठ्या चाचण्यांमध्ये स्त्रियांच्या बाबतीत सूज आहे असे मानण्याची मर्यादा सिरसवर 290 मायक्रॉन धरली गेली आणि स्पेक्ट्रॅलिसवर 305. पुरुषांसाठी हेच आकडे 305 आणि 320 होते. हा 15 मायक्रॉनचा फरक लक्षात घेतला तर तुमच्या 412 मधील बराचसा भाग यंत्राचा आहे आणि उरलेला फरक नगण्य आहे.

एकाच यंत्रावर एवढा फरक आला असता तरी मी घाबरलो नसतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रुग्णाने नजर किती स्थिर ठेवली, मोतीबिंदूमुळे चित्र किती धूसर आले, तपासणी सकाळी झाली की सायंकाळी, अशा गोष्टींनीही आकडा थोडा हलतो. मधुमेहातील पडद्याची सूज अनेकदा सकाळी किंचित जास्त असते आणि दिवस सरतो तशी उतरते. म्हणून साधारण 10 टक्क्यांपेक्षा कमी बदलाला संशोधक बदल म्हणत नाहीत. 391 वरून 412 हा फरक जेमतेम 5 टक्के आहे, तर 478 वरून 391 ही घट 18 टक्के आहे आणि दोन्ही वेळचे यंत्रही एकच होते. याचा अर्थ पहिल्या औषधाने काम केले आहे. ते पुरेसे केले का, हा वेगळा प्रश्न आहे.

माझी पहिली आणि आग्रहाची विनंती अशी की यापुढे आईंची ओसीटी नेहमी एकाच यंत्रावर आणि शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी करून घ्यावी. डॉक्टर बदलले तरी चालेल, पण मग नव्या ठिकाणी त्या दिवसाची तपासणी हीच नवी सुरुवात मानावी आणि जुन्या आकड्याशी तिची वजाबाकी करू नये. छापील अहवालावर चित्राची गुणवत्ता दर्शवणारा आकडा असतो, तोही पाहावा. सिरसवर तो 10 पैकी 6 पेक्षा कमी असेल तर जाडीच्या आकड्यावर फार विसंबू नये. यंत्र पडद्याच्या वरच्या आणि खालच्या कडेवर रेघा आखते आणि त्यांच्यामधील अंतर मोजते. सूज फार असेल तर ती रेघ कधी भलत्याच थरावर जाते आणि आकडा खोटा येतो. हे तुम्हाला ओळखता येणार नाही, पण "रेघा बरोबर आहेत ना?" एवढे डॉक्टरांना जरूर विचारता येईल, आणि असे विचारण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे कोणते इंजेक्शन चांगले. मधुमेहात पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पडद्याला प्राणवायू कमी पडतो आणि मग तेथे व्हीईजीएफ नावाचे प्रथिन वाढते. त्यामुळे रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि ज्या पीतबिंदूने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो, तेथे पाणी साचते. बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही तिन्ही औषधे याच प्रथिनाला अडवतात. अमेरिकेतील डायबेटिक रेटिनोपॅथी क्लिनिकल रिसर्च नेटवर्क या संशोधकांच्या गटाने या तिघांची समोरासमोर तुलना केली आणि तिचे एका वर्षाचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. 660 रुग्णांच्या या अभ्यासाइतका उपयोगी अभ्यास या विषयात क्वचितच झाला असेल, कारण तो तुमच्यासारख्या कुटुंबासमोर उभ्या राहणाऱ्या नेमक्या प्रश्नाला भिडतो.

त्यात असे आढळले की सुरुवातीची नजर 6/12 किंवा त्याहून चांगली असेल तर वर्षानंतर तिन्ही औषधांचा फायदा जवळजवळ सारखाच होतो, म्हणजे तपासणीच्या तक्त्यावरील सुमारे 8 अक्षरांची सुधारणा. या तक्त्यावर एका ओळीत पाच अक्षरे असतात. पण सुरुवातीची नजर 6/15 किंवा त्याहून कमी असेल तर चित्र बदलते. अशा डोळ्यांत वर्षअखेर अफ्लिबरसेप्टने सरासरी 18.9 अक्षरे मिळाली, रॅनिबिझुमॅबने 14.2 आणि बेव्हॅसिझुमॅबने 11.8. दोन वर्षांनंतर हे अंतर कमी झाले. अफ्लिबरसेप्ट 18.1, रॅनिबिझुमॅब 16.1 आणि बेव्हॅसिझुमॅब 13.3 असे आकडे आले, आणि त्यातला ठळक म्हणावा असा फरक फक्त पहिल्या आणि शेवटच्या औषधातच उरला. आईंची सुरुवात 6/24 पासून झाली होती, म्हणजे त्या दुसऱ्या गटात मोडतात. पुण्याच्या डॉक्टरांचा सल्ला याच माहितीवर उभा आहे.

याच अभ्यासातील आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ओसीटीवर पाहिले तर पहिल्या वर्षात पडद्याची जाडी अफ्लिबरसेप्टने सरासरी 169 मायक्रॉनने, रॅनिबिझुमॅबने 147 ने आणि बेव्हॅसिझुमॅबने 101 ने उतरली. नुसत्या चित्रावरून निकाल लावायचा तर बेव्हॅसिझुमॅब सर्वच रुग्णांत मागे पडले असे म्हणावे लागेल. पण ज्यांची नजर मुळात बरी होती त्यांच्यात सूज कमी उतरूनही दृष्टीचा लाभ इतरांइतकाच झाला. ओसीटी पाणी मोजते, दृष्टी मोजत नाही. दोन औषधांची तुलना करताना चित्र आणि तक्ता दोन्ही हातात हवेत, आणि ते एकमेकांशी जुळत नसतील तर माझ्या मते रुग्णाला काय दिसते याला अधिक वजन द्यावे.

स्वस्त औषधाने सुरुवात करून नंतर महागडे घ्यावे, की पहिल्यापासूनच महागडे घ्यावे? हाच प्रश्न त्याच गटाने पुढे तपासला आणि 2022 साली त्याचे उत्तर दिले. 6/15 किंवा त्याहून कमी नजर असलेल्या 312 डोळ्यांपैकी निम्म्यांना सुरुवातीपासून अफ्लिबरसेप्ट दिले. उरलेल्यांना आधी बेव्हॅसिझुमॅब दिले आणि किमान 12 आठवड्यांनंतरही सूज कायम राहून सुधारणा थांबली असेल, तरच अफ्लिबरसेप्टवर नेले. दोन वर्षांत या दुसऱ्या गटातील 70 टक्के डोळ्यांत औषध बदलावे लागले, हे खरे. पण दोन वर्षांच्या काळात पहिल्या गटाला सरासरी 15 आणि दुसऱ्या गटाला 14 अक्षरे मिळाली, म्हणजे अर्थपूर्ण फरक राहिला नाही. पडद्याच्या जाडीतही दोन्ही गट अखेरीस जवळपास एकाच ठिकाणी पोहोचले. ज्याने बेव्हॅसिझुमॅबने सुरुवात केली त्याचे काही कायमचे गमावले, असे हा अभ्यास म्हणत नाही. तुमचे चार महिने वाया गेलेले नाहीत, असे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही, या आकड्यांच्या आधारावर म्हणतो.

मात्र एक गोष्ट मला स्पष्टपणे सांगितलीच पाहिजे. या साऱ्या चाचण्यांमध्ये सुरुवातीचे काही महिने दर चार आठवड्यांनी इंजेक्शन दिले गेले आणि पहिल्या वर्षात एका डोळ्याला साधारण 9 ते 10 इंजेक्शने लागली. आईंना पहिल्या इंजेक्शनपासून सोलापूरच्या शेवटच्या तपासणीपर्यंतच्या सुमारे 17 आठवड्यांत तीनच मिळाली. चाचणीतील रुग्णाला त्याच काळात पाच मिळाली असती. बेव्हॅसिझुमॅबचा परिणाम महिनाभरात ओसरू लागतो, त्यामुळे नऊ आठवड्यांच्या खंडात सूज पुन्हा भरली असणार आणि तिसऱ्या इंजेक्शनची बरीच ताकद ती उतरवण्यातच गेली असणार. औषध अपयशी ठरले असे म्हणण्यापूर्वी ते ठरल्याप्रमाणे दिले गेले होते का, हे पाहावे लागते, आणि इथे ते दिले गेले नाही. लग्नघरात आईला तपासणीसाठी सोलापूरला नेणे किती अवघड असते हे मी जाणतो आणि यात तुम्हाला दोष देत नाही. पण तुम्ही महागडे औषध निवडले आणि त्यातही असाच खंड पडला, तर पैसे जाऊन सूज तशीच राहील, ही भीती मला खरोखर वाटते.

मग काय करावे? वर्षभरातील सात-आठ इंजेक्शनांचा खर्च कर्ज न काढता झेपणार असेल तर आताच अफ्लिबरसेप्टकडे वळणे योग्य आहे, कारण आईंची नजर अजून 6/18 आहे आणि सूज शिल्लक आहे. पण पहिली दोन घेऊन पुढे पैशाअभावी थांबावे लागणार असेल तर तो मार्ग धरू नये. त्यापेक्षा बेव्हॅसिझुमॅबच दर चार आठवड्यांनी, एकही तारीख न चुकवता आणखी तीन वेळा घ्यावे आणि त्यानंतर त्याच यंत्रावरच्या ओसीटीने आणि नजरेच्या तक्त्याने निर्णय करावा. रॅनिबिझुमॅब हा मधला मार्गही आहे. त्याची भारतात बनलेली जैवसमरूप (मूळ औषधाशी जुळणारी) आवृत्ती 2015 पासून उपलब्ध आहे आणि ती मूळ औषधापेक्षा स्वस्त पडते. कोणताही मार्ग घेतला तरी पुढचे इंजेक्शन लांबवू नये. पुण्याची तपासणी झाली तेव्हाच मागच्या इंजेक्शनला सुमारे साडेपाच आठवडे झाले होते.

औषध ठरवण्याआधी एक तपासणी मात्र मी आवर्जून करून घेतली असती. काही डोळ्यांत पीतबिंदूभोवतीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बंदच पडलेल्या असतात. तेथे कोणत्याही इंजेक्शनने सूज पूर्ण उतरली तरी नजर फारशी सुधारत नाही, आणि घरच्यांना वाटते की औषध खोटे होते. हे आधी कळण्यासाठी हाताच्या शिरेत रंगद्रव्य देऊन पडद्याची छायाचित्रे घेतात. त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी होते, काहींना क्षणभर मळमळते, सहसा एवढेच. अनेक ठिकाणी आता रंगद्रव्य न देता ओसीटीच्याच तंत्राने रक्तवाहिन्यांचा नकाशा काढता येतो. ओसीटीच्या छेदचित्रात प्रकाश टिपणाऱ्या पेशींची रेघ अखंड आहे की तुटलेली, हेही डॉक्टरांना विचारावे. तुम्ही पाठवलेल्या प्रती छायाप्रतींच्या छायाप्रती असल्याने मला त्यावरून ते सांगता आले नाही. ती रेघ अखंड असेल तर पुढच्या खर्चातून काही हाती लागण्याची आशा जास्त आहे.

बेव्हॅसिझुमॅब स्वस्त का, हेही तुम्हाला ठाऊक असावे, म्हणजे संशय उरणार नाही. त्याला मूळ मान्यता आतड्याच्या कर्करोगासाठी मिळाली. त्याच्या मोठ्या कुपीतून डोळ्यासाठी लागणारे 1.25 मिलिग्रॅमचे छोटे डोस काढले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली डोळ्यांच्या उपचारासाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्यातला धोका औषधात नसून डोस वेगळे काढताना होऊ शकणाऱ्या जंतुसंसर्गात आहे. म्हणून डोस कुठे आणि कसे भरले जातात, हे रुग्णालयाला विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. कोणतेही इंजेक्शन घेतले तरी औषधाचे नाव, तुकडी (बॅच) क्रमांक आणि तारीख कार्डावर लिहून घ्यावी.

डोळ्याच्या आत संसर्ग होणे दुर्मीळ आहे, काही हजार इंजेक्शनांमागे एखाद्या वेळी ते घडते, पण घडले तर नजर काही तासांत धोक्यात येते. इंजेक्शननंतर पहिल्या दिवशी काळे गोल ठिपके तरंगताना दिसले किंवा पांढऱ्या भागावर लाल डाग आला तर घाबरू नये. मात्र पहिल्या आठवड्यात दुखणे वाढले, लाली वाढली किंवा नजर अंधुक झाली तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टरांना गाठावे.

स्टिरॉइडचे जे सूक्ष्म रोपण डोळ्यात ठेवतात, त्याचा परिणाम तीन-चार महिने टिकतो आणि वारंवार येऊ न शकणाऱ्या रुग्णांना ते सोयीचे पडते. पण त्याने मोतीबिंदू वाढतो आणि डोळ्यातील दाब चढू शकतो. आईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली नाही असे कागदपत्रांवरून दिसते, त्यामुळे आज तरी मी ते सुचवणार नाही. अधिक काळ टिकणारी फॅरिसिमॅबसारखी नवी औषधेही आली आहेत. तुमच्या समोरचा आजचा पेच मात्र त्यांच्यामुळे सुटत नाही.

डाव्या डोळ्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. त्यात आत्ता इंजेक्शन घेऊ नये. 318 हा आकडा स्पेक्ट्रॅलिसवरचा आहे आणि त्या यंत्राची स्त्रियांसाठीची मर्यादा 305 आहे, म्हणजे सूज आहे पण थोडी. अशाच रुग्णांवर, म्हणजे मध्यभागी सूज असूनही ज्यांना जवळजवळ पूर्ण दिसते अशा 702 जणांवर झालेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात लगेच अफ्लिबरसेप्ट, लेसर आणि नुसती देखरेख या तीन मार्गांची तुलना केली होती. दोन वर्षांत नजर एक ओळ किंवा अधिक घटलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 16, 17 आणि 19 टक्के होते, म्हणजे वेगळे म्हणता येईल असा फरक नव्हता. देखरेखीखाली असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना पुढे नजर उतरल्यामुळे इंजेक्शन सुरू करावे लागले. पण ते वेळेवर कळले, कारण ते नियमित तपासणीला येत होते. हा सल्ला त्या अटीसह आहे, अट सुटली तर सल्लाही सुटतो.

पत्रात साखरेचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, किती आहे, रक्तदाब किती, आणि लघवीतून प्रथिने जातात का, हे तपासले आहे का? मूत्रपिंड थकले असेल किंवा रक्तदाब चढलेला असेल तर पडद्यातील पाणी कोणत्याही इंजेक्शनला दाद देईनासे होऊ शकते. आईंना पायोग्लिटाझोनची गोळी सुरू असेल तर पडद्याला सूज असल्याचे मधुमेहाच्या डॉक्टरांना जरूर कळवावे, कारण ती अंगात पाणी साठवते. स्वतःच्या मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नये.

खर्चाबाबत एक सूचना. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने 2019 साली आरोग्य विम्यातून वगळता येणार नाहीत अशा आधुनिक उपचारांची जी यादी केली, तीत डोळ्यातील इंजेक्शनाचा समावेश आहे. तुमची पॉलिसी असेल तर तिच्यात या उपचारासाठी किती रकमेची मर्यादा ठेवली आहे, हे पुढच्या इंजेक्शनआधी लेखी विचारून घ्यावे. एका रात्रीचा मुक्काम हवा, असे सांगून दावा कोणी नाकारत असेल तर ही यादी दाखवावी.

घरी एक गोष्ट आजपासून सुरू करता येईल. दर रविवारी सकाळी आईंना चश्मा लावून, आधी उजवा आणि मग डावा डोळा तळहाताने झाकून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी ठरावीक अंतरावरून वाचायला सांगा आणि कोणत्या डोळ्याने काय वाचता आले ते वहीत लिहून ठेवा. डाव्या डोळ्याने मागच्या रविवारी वाचलेली अक्षरे या रविवारी वाचता आली नाहीत, किंवा चौकटीच्या सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात ओसीटी करून घ्या.